खोटी खूण

देल्मिरोने आरशात बघत दोन्ही गाल फुगवले. डावा फुगला. उजवीकडे ओठांच्या कोपऱ्यातून हवा फुस्सकन निसटली आणि आरशावर वाफेचा डाग उठला.

“पुन्हा एकदा,” नोएलिया म्हणाली.

“कशाला? त्या घरात आता कोणी राहत नाही पोरी. किती वेळ दार वाजवशील?”

“कोपऱ्याला बोट लावा. हां, असं. आता फुगवा.”

त्याने डाव्या हाताचं बोट ओठाच्या सैल कोपऱ्यावर दाबलं. या वेळी हवा आत टिकली. हीच युक्ती वापरून तो आता येर्बाच्या कडवट चहाची नळी तोंडात धरू शकत होता. सुरुवातीला प्रत्येक घोटातला अर्धा हनुवटीवरून शर्टावर यायचा, आणि चारचौघांत बसून येर्बा पिणं त्याने सोडूनच दिलं होतं.

विषुववृत्ताच्या खाली, त्या गावात जानेवारीत कडक उन्हाळा असतो, तेव्हा त्याच्या उजव्या कानाखालची गाठ काढली. ती काढताना चेहरा हलवणारी नसही काढावी लागली आणि मानेतून खांद्याकडे जाणारी दुखावली. तेव्हापासून उजवा अर्धा चेहरा लोंबत होता. भुवई चढत नव्हती, डोळा मिटत नव्हता. रात्री पापणी खाली ओढून तिच्यावर चिकटपट्टी लावावी लागे. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. कर्करोगाचं काय ते डॉक्टर बघत होते. नोएलियाचं काम त्याच्या अलीकडचं होतं. माणसाला शर्टाची बटणं लावता यावीत, दाढी करता यावी, सूप अंगावर सांडू नये, आणि जे पूर्वीसारखं जमणारच नाही त्याला दुसरी वाट शोधावी.

तिच्या खोलीवर ‘व्यवसायोपचार’ अशी पाटी होती. पहिल्या दिवशी देल्मिरो त्या पाटीखाली उभा राहून म्हणाला होता, “व्यवसाय? मी रिटायर झालोय बाई. भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर बसायचो. आता काय, दुसरी नोकरी लावताय?”

ती हसली होती आणि सगळ्यांना विचारते तेच तिने त्यालाही विचारलं होतं. “तुम्हाला परत काय करता यायला हवंय?”

लोक सांगत, चालायचंय, ओट्याशी उभं राहायचंय, नातवाला उचलायचंय. देल्मिरोने जरा विचार केला आणि सांगितलं, “मला खोटं बोलता यायला हवं.”

म्हणजे ट्रुको खेळता यायला हवा. ग्वालेग्वाय गावात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. चार माणसं, दोन जोड्या, जोडीदार समोरासमोर, प्रत्येकाच्या हातात तीन पत्ते; त्यांवर इस्पिक-बदामाऐवजी तलवारी, सोटे अशी चित्रं. तोंडाने वाटेल तेवढ्या थापा मारायच्या. हात रिकामा असताना छाती काढून डाव चढवायचा, हुकमी पत्ता असताना रडवेला आवाज काढायचा, विरोधकाला ताकास तूर लागू द्यायची नाही. पण जोडीदाराला मात्र खरं सांगायचं, आणि तेही न बोलता, दुसऱ्या जोडीची नजर चुकवून. दोन्ही भुवया चढल्या, की तलवारीचा एक्का, सगळ्यांत मोठा. डोळा मारला, की सोट्यांचा एक्का. खालचा ओठ दातांत धरला, की तिर्री. आणि दोन्ही डोळे मिटले, की आंधळा आहे, हातात काहीच नाही.

अर्धा चेहरा गेलेल्या माणसाने यातलं काय करायचं?

“तीस वर्षं मी आणि माझा मेव्हणा रुफिनो एकमेकांसमोर बसलोय,” देल्मिरो म्हणाला होता. “जुलैत क्लबाच्या स्पर्धेत डुकराचं पिल्लू बक्षीस लावतात. ते मला जिंकायचंय. नाही जिंकलं तरी चालेल, पण खुर्ची रिकामी नको.”

नोएलियाने त्याच्या कागदावर लिहिलं : ट्रुको. तिच्या साहेबांनी ते वाचून भुवया चढवल्या, तेव्हा तिला तलवारीच्या एक्क्याची खूण आठवून हसू आलं.

हे सगळं मार्चमधलं. एप्रिलमध्ये पानं पिवळी पडू लागली आणि एल्विराने, देल्मिरोच्या बायकोने, तिला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये गाठलं. एल्विरा बुटकी, गोल, सतत काहीतरी खायला आणणारी बाई. त्या दिवशी तिच्या हातात काहीच नव्हतं.

“नवे फोटो आले. फुप्फुसात पसरलंय. दोन्हीकडे,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, आता औषधांनी त्याला नुसता त्रास होईल.”

नोएलियाने तिचा हात धरला.

“त्याला सांगायचं नाही. डॉक्टरांना मी हात जोडून सांगितलंय. त्याला कळलं तर तो त्याच दिवशी हातातले पत्ते टाकून देईल. मी ओळखते त्याला.”

“एल्विरा, हे सांगणं माझ्याकडे नाही. ते डॉक्टरांचं काम. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही.”

“खोटं बोल म्हणतंय कोण? फक्त चेहरा नीट ठेव.” एल्विराने बळेच हसू ओठांवर आणलं. “माझा बघ. मी ठेवते की नाही?”

ठेवत होती खरी. ती खोलीत आली की डॉक्टरांच्या कौतुकाच्या गोष्टी सांगे, वसंतात घराला रंग काढायचा म्हणे, आणि देल्मिरो मान डोलावून कोणता रंग ते विचारे. नोएलियाला तिथे थांबवत नसे. मोडक्या खांद्याला ती जो हात वर न्यायला शिकवत होती, तो हात भिंतीला रंग लावायला उरणार नव्हता, हे खोलीतल्या दोघींना ठाऊक होतं. तिला स्वतःच्या कामाची लाज वाटायला लागली होती.

मे महिन्यात एकदा, दाढीचा सराव चालू असताना, देल्मिरोने ब्रश खाली ठेवला.

“डॉक्टर हल्ली माझ्याशी नाही बोलत. एल्विराशीच बोलतात. का गं?”

“तुम्ही त्यांना विचारा. तुमचा हक्क आहे.”

“विचारलं. म्हणाले, सगळं ठीक चाललंय, धीर धरा.” तो आरशातून तिच्याकडे बघत होता. “तू सांग.”

ती वळून टॉवेल शोधू लागली. टॉवेल तिच्या खांद्यावरच होता.

“असू दे,” तो म्हणाला. “तू माझी जोडीदार नाहीस. तुझ्यावर कसली जबरदस्ती?” आणि ब्रश पुन्हा हातात घेतला.

त्यानंतर त्याने तिला कधीच विचारलं नाही. पत्त्यांचा सराव मात्र जोरात सुरू झाला. चेहरा गेला तर हात आहेत, असं नोएलियाने सुचवलं आणि देल्मिरोने खुणा ठरवल्या. तर्जनी टेबलावर टेकली, की तलवारीचा एक्का. अंगठा आत दुमडला, की सोट्यांचा. करंगळी हलली, की तिर्री. बाहीचं बटण चाचपलं, की सत्ती. आणि काहीच नसेल, तर तळवा पालथा, टेबलावर सपाट.

“ही शेवटची मला आवडत नाही,” तो म्हणाला. “डोळे मिटण्यात मजा होती. क्षणभर अंधार. आता मला आंधळासुद्धा होता येत नाही.” आणि त्याने डाव्या हाताच्या बोटाने उजवी पापणी खाली ओढून दाखवली. बोट काढल्याबरोबर ती हळूहळू वर गेली.

खुणा ठरल्या, पण त्या वाचणारा कुठे होता? रुफिनो ऑपरेशननंतर एकदा येऊन गेला होता, त्यानंतर नाही. गिरणीत भात वाळवायचं काम आहे, असा निरोप यायचा. भात वाळवायचं काम संपूनही तो येईना, तेव्हा नोएलियाने त्याला फोन केला.

“उपचाराचा भाग आहे,” ती म्हणाली. “तुमच्याशिवाय होणार नाही.”

रुफिनो म्हणाला, “बहिणीने मला सगळं सांगितलंय बाई. आणि तो मला तीस वर्षं वाचतोय. मी दारात उभा राहिलो की त्याला कळेल.”

“मग त्यांच्या हातांकडे बघा. तुम्हाला तेच शिकायचंय.”

तो आला. उंच, हाडापेराचा माणूस, टोपी हातात मुरगाळत. टेबलाशी बसला आणि खरंच देल्मिरोच्या हातांकडेच बघत राहिला. देल्मिरोने एकेक खूण करून दाखवली, त्याने एकेक ओळखली. चुकला एकदाही नाही.

“तू करायच्या त्या खुणा जुन्याच,” देल्मिरो म्हणाला. “तुझा चेहरा धड आहे.”

“हो.”

“तेवढ्यासाठी तरी वर बघावं लागेल मेव्हण्या.”

रुफिनोने वर बघितलं, भुवया चढवल्या, ओठ दातांत धरला, डोळा मारला, सगळं भराभर, आणि पुन्हा मान खाली घातली. नोएलियाला वाटलं, आता देल्मिरो काहीतरी टोचून बोलेल. पण त्याने पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले. उजवा हात मांडीवर ठेवून, एका डाव्या हाताने पिसण्याची रीत त्याने आदल्याच आठवड्यात शिकून घेतली होती.

जुलैमधल्या रविवारी नदीवरचं धुकं दुपारपर्यंत उठलं नव्हतं. नोएलिया क्लबात पोचली तेव्हा दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या, आणि दोन्हींत देल्मिरो आणि रुफिनो जिंकले होते. हॉलमध्ये विटांच्या शेगडीचा धूर आणि ओल्या कोटांचा वास भरला होता. आतल्या स्वयंपाकघरात बायका तोर्ता फ्रिता, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळत होत्या. त्यात एल्विराचं हसणं सगळ्यांच्या वर ऐकू येत होतं.

देल्मिरो फारच वाळला होता. हात असलेली खुर्ची, कोपराखाली उशी, सगळं नोएलियाने सांगितलं तसं होतं, पण खुर्ची आता त्याला मोठी होत होती. मधूनमधून तो तोंडावर रुमाल धरून खोकायचा आणि खेळ तेवढा वेळ थांबायचा. क्लबातल्या माणसांना कळत नव्हतं असं नाही. सगळे मूग गिळून बसले होते.

त्याचा खांदा समोरून दिसावा म्हणून नोएलिया टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, रुफिनोच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. बघणाऱ्याने खेळताना तोंड उघडायचं नाही, हा तिथला नियम.

विरुद्ध जोडीत हार्डवेअरवाला ओस्कर होता. लाल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा, आणि दुसऱ्यांच्या खुणा पकडण्यात पटाईत. गुण मोजायचे घेवड्याचे दाणे त्याच्यापुढे जास्त साचले होते. आणखी एक मोठा डाव गेला असता तर देल्मिरो स्पर्धेबाहेर.

पत्ते वाटले गेले. रुफिनोने आपले तीन अंगठ्याने सरकवून बघितले. त्याच्या खांद्यावरून नोएलियाला दिसले : तलवारीचा एक्का, तलवारीची सत्ती, आणि एक किरकोळ चौकी. असा हात वर्षातून एखाद्या वेळी येतो.

देल्मिरोने आपले पत्ते बघितले आणि डावा तळवा टेबलावर सपाट ठेवला. काहीच नाही. मग पत्ते त्याने पालथे टाकले. हे तो कधी करत नसे. तळवा उचलून त्याने तर्जनी उजव्या कानाखाली नेली, जिथून व्रणाची रेघ मानेत उतरत होती, तिथे टेकवली, आणि रुफिनोकडे बघून हनुवटी किंचित वर केली.

हनुवटी वर करणं म्हणजे तुझ्याकडे काय आहे. पण कानाखालचं बोट त्यांनी ठरवलेल्या खुणांत नव्हतं. त्या सगळ्या खुणा नोएलियाला पाठ होत्या. तो पत्त्यांचं विचारत नव्हता.

रुफिनोची पाठ तिच्यासमोर ताठ झाली. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. तिला दिसत होता फक्त देल्मिरो, त्याचा एक जिवंत डोळा आणि एक उघडा राहिलेला, दोन्ही रुफिनोवर रोखलेले. त्या बघण्यात धाक नव्हता, विनवणी होती. मग शेजारच्या भिंतीवरच्या दारूच्या जाहिरातीच्या आरशात तिला रुफिनोचं तोंड सापडलं.

रुफिनोने डोळे मिटले. खुणेला एक क्षण पुरतो. त्याने मिटले ते मिटलेच ठेवले.

ओस्करनेही बघितलं. त्याने आपल्या जोडीदाराला टेबलाखालून पाय लावला.

देल्मिरोने एकदा मान हलवली, वजनकाट्यावरचा आकडा पटल्यावर हलवत असेल तशी. कानाखालचं बोट त्याने वर नेलं, उजवी पापणी खाली ओढली आणि डावा डोळाही मिटून घेतला. असा तो जरा वेळ बसला. मग बोट काढलं, पालथे पत्ते उचलले आणि वाकड्या तोंडाने शक्य तेवढ्या मोठ्याने डाव चढवायची हाक दिली,

“ट्रुको!”

“ट्रुको म्हणतोय!” ओस्कर गडगडला. “आंधळ्याने आंधळ्याचा हात धरलाय. चढवतो! अजून चढवतो!”

“मग मी शेवटपर्यंत चढवतो,” देल्मिरो म्हणाला. “आहे हिंमत?”

“घेतला!”

रुफिनोने तलवारीची सत्ती टाकली. ओस्करचा हात हवेत थांबला. तीनांतला पहिला हात रुफिनोने जिंकला; आणखी एक, की डाव त्यांचा. मग त्याने तलवारीचा एक्का टेबलावर ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला, आणि त्याच्यावरचा हात उचलायला विसरला.

एकच गिल्ला झाला. ओस्कर उठून उभा राहिला. “डोळे मिटले होते याने! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं! एक्का हातात ठेवून डोळे मिटले होते या लबाडाने!”

“तू बघावंस म्हणूनच मिटले!” मागून कोणीतरी ओरडलं, आणि हसण्याने छप्पर हललं. कोणी रुफिनोच्या पाठीवर थाप मारली, कोणी त्याच्यापुढे वाइनचा पेला ठेवला. अशी खोटी खूण या क्लबात कोणी दिली नव्हती म्हणे. रुफिनोने टोपी डोळ्यांवर ओढली. लोकांना वाटलं, लाजला.

देल्मिरोने मेव्हण्याच्या हाताखालून एक्का हळूच सोडवून घेतला आणि पत्ते गोळा केले. “वाटायची पाळी तुझी आहे रे,” तो रुफिनोला म्हणाला. “बस. अजून पिल्लू जिंकायचंय.”

पिल्लू मात्र पुढच्या फेरीत दुसऱ्याच जोडीने नेलं. संध्याकाळी टेबलं उचलायला लागले तेव्हा देल्मिरो खिडकीशी बसला होता. नोएलियाने थेंबांची बाटली काढली, त्याची मान मागे केली आणि न मिटणाऱ्या डोळ्यात थेंब सोडले.

“खांदा दुखतोय?”

“दुखतोय. दुखू दे.”

ती बाटलीचं झाकण लावत राहिली. तिला त्या मे महिन्यातल्या टॉवेलबद्दल माफी मागायची होती, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना.

“सोमवारी येताय ना?”

“येईन. येता येईल तोवर येईन. पण हात वर न्यायचं आता पुरे झालं. गालही नको फुगवायला.”

“मग काय करू या?”

स्वयंपाकघराच्या दारात एल्विरा आली होती. पिठाचे हात पुसत, लाल होईपर्यंत हसत ती कोणालातरी सांगत होती, वसंतात घराला निळा रंग काढणार म्हणून. देल्मिरो तिच्याकडे बघत राहिला. डाव्या डोळ्यातही आता पाणी होतं, आणि तिथे कोणी थेंब घातले नव्हते.

“हिला ट्रुको शिकवायचाय,” तो म्हणाला. “किती महिने एकटीच खेळतेय बिचारी. समोर जोडीदार बसलाय, हे कळू दे तिला.”